एमआयडीसीतल्या फार्मा क्यूसी (औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये वर्षभर ट्रेनिंगला जाणाऱ्यांनो, हे आधी वाचा

बीएस्सी, एमएस्सी केमिस्ट्रीवाली पोरं तारापूर, कुरकुंभ, लोटे असल्या ठिकाणी वर्षभराच्या अप्रेंटिसशिपला जातात, त्यांना एकच कळकळीने सांगणं, पहिल्या दिवसापासून लिहायची शिस्त लावून घ्या. कॉलेजात आपण वजन चिठ्ठीवर नाहीतर तळहातावर लिहायचो आणि घरी जाऊन जर्नल उतरवायचो, इथे ते अजिबात चालत नाही. वजन केलं की तिथल्या तिथे लॉगबुकात नाहीतर वर्कशीटवर लिहायचं. आकडा चुकला तर एकच आडवी रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. व्हाइटनर नको, गिरवणं तर नकोच. आणि बॅलन्सची (वजनकाट्याची) प्रिंट थर्मल पेपरवर येत असेल तर झेरॉक्स लगेच काढून सही करून लावा, काही महिन्यांत तो कागद कोरा होतो हो!

एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) हात बसायला लागला की फॉस्फेट बफरनंतर (क्षार असलेल्या द्रावणानंतर) थेट शंभर टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल हे ऑरगॅनिक सॉल्व्हंट सोडू नका, क्षार बाहेर पडून कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) तुंबतो, आधी बफर न घातलेलं जास्त पाणी आणि थोडं ऑरगॅनिक सॉल्व्हंट असं मिश्रण सोडून नीट धुवा.

आणि घरी स्वतःची एक वही ठेवाच, कंपनीचा डेटा, बॅच नंबर, प्रॉडक्टचं नाव काही नाही, फक्त आज कुठलं इन्स्ट्रुमेंट वापरलं, काय अडलं, कसं सुटलं. वर्षाने इंटरव्ह्यूत 'कार्ल फिशर (नमुन्यातलं पाणी मोजायची चाचणी) केलंय का' विचारलं की तीच वही कामी येते.