पिल्लाच्या हृदयातली जनुके: टी-३ चा परिणाम कोणता, चेतांचा कोणता?

रॅटच्या पिल्लात जन्मानंतरच्या तीन आठवड्यांत दोन गोष्टी एकदमच घडतात. रक्तात टी-३ हे थायरॉइड संप्रेरक वाढते आणि अनुकंपी (सिंपथेटिक, हृदयाची गती वाढवणाऱ्या) चेतांचे जाळे हृदयात पसरते. त्याच काळात निलयात (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) मायोसिन या आकुंचनाच्या प्रथिनाचा बीटा प्रकार (बीटा-मायोसिन) मागे पडून अल्फा प्रकार (अल्फा-मायोसिन) पुढे येतो; दोन्हींची जनुके वेगळी. नुसते वयानुसार मोजत गेलात तर हे काम कोणाचे ते कळणारच नाही. एकेकाला रोखूनच पाहावे लागते. (माणसाच्या निलयात बीटाच वरचढ राहते. निष्कर्ष तिथे थेट नेऊ नका.)

गट चार: साधा, थायरॉइड रोखलेला, चेता नष्ट केलेला, आणि थायरॉइड रोखून बाहेरून टी-३ दिलेला. हा शेवटचा गाळायचा मोह होतो. पण टी-३ रोखले की पिल्ले खुरटतात, आणि दिसलेला बदल संप्रेरकाच्या अभावाचा की औषधाचा, हे त्याच्याशिवाय सांगता येत नाही.

थायरॉइड रोखायला गाभण मादीच्या पाण्यात ०.०५ टक्के पीटीयू (प्रोपिलथायोयुरॅसिल, थायरॉइड संप्रेरक बनू न देणारे औषध) घालतात. पुढे ते दुधातून पिल्लांना मिळते. पाणी कडवट लागते, म्हणून मादी किती पिते ते रोज बाटली तोलून पाहा.

चेता नष्ट करायला ६-हायड्रॉक्सीडोपामीन हे अनुकंपी चेतांची टोके मारणारे रसायन. ०.१ टक्का ॲस्कॉर्बिक आम्ल घातलेल्या थंड सलाइनमध्ये ऐनवेळी विरघळवा आणि उजेडापासून जपा. द्रावण गुलाबी-तपकिरी झाले की ऑक्सिडीकरण झाले, फेकून द्या. चेता गेल्या हे गृहीत धरू नका, हृदयातले नॉरॲड्रेनलिन (या चेतांतून स्रवणारे रसायन) मोजा. ॲड्रेनल ग्रंथीचा गाभा मात्र शाबूत राहतो. रक्तातून येणारे ॲड्रेनलिनही अडवायचे तर बीटा-ब्लॉकरचा (ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम रोखणाऱ्या औषधाचा) वेगळा गट लागेल.

हृदय काढल्यावर बर्फावरच, भिंगाखाली, अलिंदे (हृदयाचे वरचे कप्पे) पूर्ण कापून टाका. इथेच सर्वाधिक घोळ होतो. अलिंदात अल्फा-मायोसिन आणि एएनपी (अलिंदात बनणारे एक संप्रेरक) दोन्ही भरपूर असतात, त्यामुळे चिमूटभर ऊतक चिकटून राहिले तरी निलयाचे आकडे फुगतात.

क्यूपीसीआरला (जनुक किती सक्रिय आहे हे मोजण्याच्या चाचणीला) तुलनेचे स्थिर संदर्भजनुक म्हणून एकटे जीएपीडीएच घेऊ नका. जन्मानंतर हृदय ग्लुकोजकडून मेदाम्लांकडे वळते आणि हे जनुक तर ग्लुकोजच्याच वाटेवरचे. दोन-तीन संदर्भजनुके आधी तपासून निवडा.

पीटीयू मादीला दिलेले असते, म्हणून एका मादीची आठ पिल्ले हे आठ नमुने नव्हेत, एकच. संख्याशास्त्रात एन (नमुन्यांची संख्या) म्हणजे माद्यांची संख्या.