थिअरेटिकल लिंग्विस्टिक्समध्ये एमए-पीएचडी करताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच येतात. आधी थिअरी पकडायची आणि मग तिच्यात बसेल असा डेटा शोधत फिरायचं. "मला मिनिमलिझमवर काम करायचंय" हा विषय नाहीये, ते व्याकरणाच्या एका थिअरीचं, म्हणजे फक्त एरियाचं नाव झालं. विषय म्हणजे असं काहीतरी, की आपण "त्याने चिठ्ठी वाचली" म्हणतो पण "मी चिठ्ठी वाचली" मध्ये मी ला ने लागत नाही, तरी दोन्हीकडे क्रियापद चिठ्ठीप्रमाणेच बदलतं, मग ने लागणं आणि क्रियापदाचं असं बदलणं यांचा एकमेकांशी संबंध आहे की नाही? असा एक प्रश्न हातात असला की काय वाचायचं ते तोच सांगतो. नसला की अख्खं सेमिस्टर पेपर वाचण्यात जातं आणि शेवटी हातात नुसती समरी उरते.

आता डेटा. इथे सगळ्यात जास्त गडबड होते. आपलीच भाषा आहे म्हणून आपणच वाक्य बनवायचं, आपणच त्याला स्टार (चुकीच्या वाक्याची * खूण) द्यायचा आणि पुढे जायचं. पण एकच वाक्य दिवसभर मनात घोळवलं ना की चुकीचं वाक्यसुद्धा हळूहळू बरं वाटायला लागतं, त्यामुळे पहिल्यांदा कसं वाटलं ते तेव्हाच लिहून ठेवा आणि किमान पाच-सहा जणांना विचारा, तेही थिअरी माहीत नसलेल्यांना. "तू चिठ्ठी वाचलीस" आणि "तू चिठ्ठी वाचली" हे घ्या. काहींना दुसरं अजिबात चालत नाही, काही जण रोज तसंच बोलतात. दोघांपैकी कोणीच चुकत नाहीये, त्यांची व्याकरणं थोडी वेगळी आहेत, आणि तुम्ही दोघांचे जजमेंट (वाक्य चालतं की नाही याचं मत) एकाच टेबलात मिसळले तर कुठलाच अ‍ॅनालिसिस बसणार नाही. कोण काय बोलतं ते माणसागणिक वेगळं नोंदवा.

आणि विचारताना "हे बरोबर आहे का?" असं विचारू नका हो! लोक शाळेतलं व्याकरण आठवून उत्तर देतात. आधी एखादा प्रसंग सांगा आणि मग विचारा की इथे असं म्हणाल का.

अजून एक, वाक्य कानाला वाईट लागलं म्हणजे ते व्याकरणात बसत नाही असं लगेच धरू नका. "मीनाने राजूने सुमाने चिठ्ठी लिहिली असं सांगितलं असं म्हटलं." डोकं गरगरतं की नाही? पण प्रत्येक तुकडा नियमाप्रमाणेच आहे, एकात एक अशी वाक्यं खुपसल्यामुळे लक्षात ठेवायला जड जातं एवढंच. तेच "मीना म्हणाली की राजूने सांगितलं की सुमाने चिठ्ठी लिहिली" असं मांडलं तर काही त्रास होत नाही. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने 1965 मध्येच व्याकरणात बसणं आणि ऐकणाऱ्याला पटणं या दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या होत्या, तरी आजही थिसिसमध्ये त्या एक करून टाकलेल्या दिसतात.

अ‍ॅनालिसिस अडकला असेल तर आधी मिनिमल पेअर, म्हणजे एकाच गोष्टीत फरक असलेली वाक्यांची जोडी, तपासा. "तो चिठ्ठी वाचतो" आणि "त्यांनी पुस्तक वाचलं" ही जोडी ठेवली तर काळ, वचन, कर्म सगळंच बदललं, मग ने कशामुळे आलं ते कळणार कसं? एका वेळी एकच गोष्ट बदला: "तो चिठ्ठी वाचतो", "त्याने चिठ्ठी वाचली". मग "त्याने मुलीला पाहिलं" घ्या, इथे कर्माला ला लागल्याबरोबर क्रियापद मुलीप्रमाणे बदलायचं थांबलं, सरळ नपुंसकलिंगी झालं. माझं मत विचाराल तर अशा तीन-चार ओळी नीट मांडल्या की अर्धं काम झालं.

ग्लॉसिंग, म्हणजे शब्दाच्या प्रत्येक तुकड्याखाली त्याचा अर्थ लिहिणं, शेवटी करू म्हणून सोडू नका. वाचलीस खाली नुसतं "वाचली" असा अर्थ लिहून भागत नाही, वाच-ल-ई-स असे चार तुकडे पाडा, धातू, मग पूर्ण झालेली क्रिया, मग चिठ्ठीचं लिंग-वचन, मग तू. एकाच क्रियापदात कर्म पण दिसतंय आणि कर्ता पण, हे तुकडे पाडल्याशिवाय डोळ्यांना दिसतच नाही!

जुने पेपर वाचताना साल बघा. 1981 च्या आसपासच्या लिखाणात गव्हर्नमेंट (वाक्यातला एक घटक दुसऱ्यावर ठेवतो तो ताबा) ही मध्यवर्ती कल्पना आहे, 1995 च्या मिनिमलिस्ट प्रोग्रॅममध्ये ती काढून टाकली, डीप आणि सरफेस स्ट्रक्चर हे वाक्यरचनेचे टप्पेही गेले. त्यामुळे जुन्या पेपरमधलं झाड (वाक्यरचनेची आकृती) जसंच्या तसं उचलून आजच्या अ‍ॅग्रीला (क्रियापद कशाप्रमाणे बदलतं ते सांगणाऱ्या कल्पनेला) जोडलं तर गाईड पहिल्याच पानावर अडवणार. जुना डेटा मात्र बिनधास्त घ्या, तो शिळा होत नाही.

स्वतःचा अ‍ॅनालिसिस लिहून झाला की एक प्रश्न विचारा, याच्यामुळे कुठलं वाक्य अशक्य ठरतं? काहीच अशक्य ठरत नसेल तर तुम्ही फक्त डेटाला नवीन नाव दिलंय.

आणि ड्राफ्ट दडवून ठेवू नका, मी हे केलंय आणि त्यात जवळजवळ वर्ष गेलं. पूर्ण झाल्यावर दाखवू म्हणत बसण्यापेक्षा दोन-तीन पानांचा स्क्विब लिहा, एक कोडं, त्याचा डेटा आणि नेहमीचं उत्तर का पुरत नाही एवढंच, उपाय नसला तरी चालेल. तो गाईडला पाठवा आणि मीटिंगला जाताना वाक्यांचा हँडआउट प्रिंट करून न्या, म्हणजे बोलणं त्या वाक्यांवरच राहतं.