अ‍ॅझो डोप केलेलं लिक्विड क्रिस्टल : प्रोजेक्ट घेताय तर आधी हे वाचा

एमएस्सीला मला हा प्रोजेक्ट मिळाला तेव्हा लिक्विड क्रिस्टल म्हणजे टीव्हीतलं काहीतरी, एवढंच माहीत होतं. आयडिया तशी सोपी आहे. फाइव्ह-सीबी नावाचं नेमॅटिक घ्यायचं, त्याचे रेणू काड्यांसारखे एका दिशेने उभे असतात, त्यात टक्का-दोन टक्के अ‍ॅझोबेन्झीन मिसळायचं, म्हणजेच डोप करायचं (टायट्रेशनचा मिथाइल रेड पण याच खानदानातला). अंधारात अ‍ॅझोचा रेणू पण सरळ काडी, म्हणजे ट्रान्स, गर्दीत खपून जातो. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही मारला की तो कमरेत वाकतो, सिस होतो, आणि शेजाऱ्यांची पण रांग मोडतो. निळा प्रकाश टाकला की परत सरळ.

आता माझी फजिती. मे महिना, विदर्भ, लॅबचा एसी बंद. सेल, म्हणजे दोन काचांमध्ये भरलेलं हे मिश्रण, क्रॉस पोलरायझरमध्ये (एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये) बघायचा : रांग असेल तर उजळ, मोडली की काळा. माझा सेल आधीपासूनच काळाकुट्ट, यूव्ही न लावताच! मला वाटलं रबिंग (रेणूंना दिशा देण्यासाठी काच घासणं) चुकलं, म्हणून मखमल घासून तीनदा नवीन सेल बनवले, आठवडा गेला. मग सीनियर ताई आली, टेबलावरचा थर्मामीटर बघून म्हणाली, "अगं, ३८ आहे इथे, हे केव्हाच आयसोट्रॉपिक झालंय." आयसोट्रॉपिक म्हणजे रांग मोडून साधा द्रव. फाइव्ह-सीबी ३५ अंशालाच नेमॅटिकपणा सोडतं, आणि डोप केल्यावर हा आकडा बदलतो, म्हणून पुस्तकातला धरू नका, आपल्या मिश्रणाचा स्वतः मोजा आणि हॉट स्टेज (मायक्रोस्कोपखाली सेलचं तापमान धरून ठेवणारी बैठक) त्याच्या दोनेक अंश खाली ठेवा.

आणि डोपंट, म्हणजे अ‍ॅझो, न घातलेला सेल कायम शेजारी हवाच हवा. यूव्ही दिवा तापतो, सेल काळा पडतो, आपण उड्या मारतो आणि निघते नुसती उष्णता. कोरा सेल पण काळा पडला तर समजा झोल आहे.

अजून एक, जे मला कुणी सांगितलं नाही : मायक्रोस्कोपच्या पांढऱ्या दिव्यात निळा असतोच, तो गुपचूप सिसला परत ट्रान्स करत राहतो, मग तुमचा रिकव्हरी टाइम (सेल परत उजळायला लागणारा वेळ) भलताच येतो. लाल फिल्टर लावा. सेल भरताना मिश्रण गरम करून आयसोट्रॉपिक असतानाच कडेला थेंब ठेवा, आपोआप आत ओढलं जातं. यूव्हीचा गॉगल विसरू नका.

सगळं जमलं त्या दिवशी यूव्हीने सेल काळा केला आणि निळा एलईडी लावला. काळ्यावर बारीक चमकते थेंब उगवले, एकमेकांत मिसळत गेले आणि अख्खं फील्ड परत उजळलं. त्या दिवशी जेवायला पण गेले नाही.