बंद अणुकेंद्राची वीजयंत्रणा बदलताना या चुका टाळा

अणुभट्टी बंद झाली म्हणजे विजेची गरज संपली, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. वापरलेल्या इंधनाच्या टाकीचे पंप, किरणोत्सारी धूळ बाहेर पडू नये म्हणून इमारतीत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवणारे पंखे, किरणोत्सार मोजणारी उपकरणं, क्रेन हे सगळं वर्षानुवर्षं चालवावं लागतं. पंखे बंद पडले की काम थांबवून माणसं बाहेर काढावी लागतात. आणि हा सगळा भार बहुतेक वेळा असतो जुनाट स्विचगिअरवर (वीज चालू-बंद करणारे ब्रेकर आणि पॅनेल), ज्याचे सुटे भाग आता शोधूनही सापडत नाहीत.

सगळ्यात महागात पडते ती जमिनीखालची चूक. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर डूनरे अणुकेंद्र आहे. तिथे मे 1998 मध्ये खोदकाम करणाऱ्या यंत्राने 11 केव्हीची (11 हजार व्होल्टची) केबल तोडली आणि इंधन प्रक्रिया विभागाचा नेहमीचा पुरवठा तर गेलाच, राखीवही गेला. त्यानंतर नियामकांनी अख्ख्या केंद्राची तपासणी केली आणि 143 शिफारशी हातात ठेवल्या. दोन फीडर (पुरवठा आणणाऱ्या केबल) आहेत एवढंच सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीजजोडणीचा एकरेषी आराखडा, सांगतो; ते एकाच चरातून जातात का, ते सांगत नाही. एप्रिल 2024 मध्ये जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुकेंद्रातही खोदकामात केबलला इजा झाली. एक कामगार भाजला आणि प्रक्रिया केलेलं पाणी समुद्रात सोडण्याचं काम काही तास बंद राहिलं.

म्हणून जुन्या नकाशांवर आंधळा विश्वास नको. केबल लोकेटर (जमिनीखालची केबल शोधणारं उपकरण) नुसता ‘पॉवर’ मोडवर फिरवला तर तो केबलमधल्या चालू करंटवरच अवलंबून राहतो, त्यामुळे दाब असूनही भार नसलेली केबल निसटू शकते. केबलमध्ये लोकेटरचा सिग्नल सोडून शोधा, मग हाताने चाचणी खड्डा घ्या. जेसीबी त्यानंतर.

दुसरी चूक म्हणजे तात्पुरतं पॅनेल कायमचं होऊन बसणं. फुकुशिमात 2011 च्या अपघातानंतर घाईत ट्रकवर बसवलेला स्विचबोर्ड दोन वर्षांनीही कामात होता. 18 मार्च 2013 च्या संध्याकाळी त्यात उंदीर शिरला, शॉर्ट सर्किट झालं आणि 1, 3 व 4 क्रमांकाच्या युनिटच्या इंधन टाक्या आणि सामाईक टाकी यांचं कूलिंग थांबलं. सगळं पूर्ववत व्हायला सुमारे 29 तास लागले. तापमान मर्यादेच्या बरंच खाली होतं, म्हणून निभावलं. गंमत पुढे आहे: 5 एप्रिलला उंदीर रोखायची जाळी बसवतानाच 3 क्रमांकाच्या टाकीचं कूलिंग पुन्हा काही तास बंद पडलं! चालू पॅनेलवर ‘फक्त जाळीच तर लावायची आहे’ म्हणून शटडाऊन न घेणारे आपल्याकडेही कमी नाहीत. तात्पुरत्या पॅनेलच्या केबल एंट्री पहिल्याच दिवशी सील करा आणि ते काढायची तारीख दारावर रंगवा.

आता नेहमीच्या तक्रारी. ‘बंद’ केबलवर मल्टिमीटर 40-50 व्होल्ट दाखवतो? शेजारच्या केबलमुळे आलेला आभासी दाब असेल तर लो इम्पिडन्स टेस्टर (स्वतः थोडा करंट खेचणारा मीटर) लावताच तो कोसळतो. आकडा टिकला तर कुठूनतरी बॅकफीड, म्हणजे दुसऱ्या बाजूने उलटा पुरवठा, येतोय. यूपीएस, डीसी बॅटरी, शेजारच्या इमारतीचं लायटिंग तपासा. दोन्ही बाबतीत पुरवठा तोडून केबल अर्थिंगला (जमिनीला) जोडल्याशिवाय त्या केबलला हात नाही.

डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) एक्झॉस्टमधून काळं, तेलकट पाणी गळतंय? जुन्या मोठ्या सेटवर आता नाममात्र भार उरलाय. बराच काळ 30 टक्क्यांच्या खाली चालवला की डिझेल नीट जळत नाही. लोड बँक (कृत्रिम भार देणारं यंत्र) लावा, नाहीतर सरळ लहान सेट घ्या.

नवा ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर पंखा सुरू करताना ब्रेकर ट्रिप होतो? सरासरी भार बघून लहान ट्रान्सफॉर्मर निवडला, पण थेट सुरू होणारी मोटर सहा-सात पट करंट खेचते हे कोणी धरलं नाही. सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारं उपकरण) द्या. रिलेची (ब्रेकरला ट्रिप व्हायला सांगणाऱ्या उपकरणाची) सेटिंग वाढवून मोकळं होऊ नका, नाहीतर खरा फॉल्ट आला तर मागचा ब्रेकर आधी पडेल आणि पूर्ण विभाग अंधारात जाईल.

अर्थिंगचं भान सहसा इमारत पाडल्यावर येतं. जुन्या केंद्रात इमारतींचं लोखंड आणि अर्थिंगच्या पट्ट्या एकमेकांत गुंतलेल्या असतात, त्यामुळे एक इमारत पाडली की पलीकडच्या उपकेंद्राच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढू शकतो. पाडकामाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा; नवी अर्थिंग जोडून झाल्याशिवाय जुनी पट्टी कापायची परवानगी देऊ नका.