मोबाइलवर हरिपाठ, समोर बसून चाल

२०२० ची आषाढी एकादशी १ जुलैला होती. त्या वर्षी कोरोनामुळं पायी वारी निघाली नाही. आदल्या दिवशी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि ते आम्ही घरी मोबाइलवर पाहिलं. सासूबाई पडद्यासमोर हात जोडून बसल्या होत्या. थोड्या वेळानं त्या मला म्हणाल्या, "एवढं सगळं यात दिसतंय, तर हरिपाठ नाही का यात शिकता यायचा तुला?"

सासूबाईंना हरिपाठ येतो, पण सगळ्यांबरोबर. देवळात बायकांच्या घोळक्यात त्या एकही शब्द चुकत नाहीत. एकट्या म्हणायला बसल्या की नवव्या-दहाव्या अभंगाशी अडतात, त्यामुळं शिकवू शकत नव्हत्या. मी शेवगाव तालुक्यातल्या एका गावात प्राथमिकच्या मुलांना शिकवते. तेव्हा शाळा बंद होत्या. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड कसे उघडायचे, हे पालकांना फोनवर समजावण्यात माझे दिवस जात होते. मुलांना मोबाइलवर शिकवत होते, मग आपण का शिकू नये, असं वाटलं. हरिपाठापासून सुरुवात झाली. पुढं तुकोबांची गाथा, ज्ञानेश्वरी असं करत आता गावच्या सप्ताहात कीर्तनाला उभी राहते. या वाटेवर नव्यानं येणाऱ्या मुली आणि बायका मला बरंच काही विचारतात. त्यातलं उपयोगाचं इथं सांगते.

पहिला महिना माझा फुकट गेला. हरिपाठाच्या पाच-सहा ध्वनिफिती मी आलटून पालटून ऐकत होते. एकाची चाल वेगळी, दुसऱ्याची लय दुप्पट, तिसरा ध्रुपद दर कडव्यानंतर घेतो तर चौथा दोन कडव्यांनंतर. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे अभंग २७, काही पुस्तकांत २८ छापलेले असतात. तेवढे पाठ व्हायला खरं तर फार दिवस लागत नाहीत. पण माझ्या डोक्यात चालींची अशी खिचडी झाली की एका अभंगातून दुसऱ्यात कधी शिरले, ते कळत नसे. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते: एक आवाज निवडा आणि एक पुस्तक निवडा. वर्षभर दुसऱ्याकडे वळू नका. आपल्या गावच्या देवळात जी चाल चालते, तिच्या जवळचा आवाज घ्या. उद्या तुम्हाला त्याच बायकांत बसून म्हणायचं आहे.

मग महाराज भेटले, तेही फोनवरच. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं राहून शिकलेले. ही संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये सुरू केली आणि गावोगावचे कितीतरी कीर्तनकार तिथूनच तयार झाले. महाराजांना व्हिडिओ कॉल आवडत नसे. त्यांनी सांगितलेली पद्धत साधी होती. मी पुस्तक मिटून एक अभंग म्हणायचा, रेकॉर्ड करायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. रात्री पूजा आटोपली की ते ऐकणार आणि उत्तरही बोलूनच पाठवणार.

पहिलाच अभंग पाठवला, 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी । तेणें मुक्ति चारी साधियेल्या'. मला वाटलं, आवाज छान लागलाय. रात्री उत्तर आलं, "ताई, आवाज चांगलाय. पण शेवटी 'साधिल्या' म्हणालात. एक अक्षर कुठं गेलं?"

मी तीन वेळा माझंच रेकॉर्डिंग ऐकलं. खरंच 'साधिल्या' होतं. नेटवरून उतरवलेल्या ज्या मजकुरावरून पाठ केलं होतं, त्यातही तेच टाइप केलेलं. सासूबाई सारखं 'साधियेल्या' म्हणत होत्या आणि मी त्यांना म्हटलं होतं, "आई, पुस्तकात तसं नाही." ते आठवून आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी अक्षरं मोजायला शिकवलं. मला मिळालेली ही सगळ्यात मोठी विद्या. मोठ्या अभंगाच्या एका कडव्याचे चार तुकडे पडतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. दे-वा-चि-ये-द्वा-रीं सहा, उ-भा-क्ष-ण-भ-री सहा, ते-णें-मु-क्ति-चा-री सहा, सा-धि-ये-ल्या चार. 'भरी' आणि 'चारी' जुळलं. 'साधिल्या' म्हटलं की तीनच उरतात आणि टाळ पुढं निघून जातो. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन तुकडे असतात, 'जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले' यासारखे. प्रत्येक अभंग अगदी काटेकोर नसतो, एखादं अक्षर कमी-जास्त होतं, गाताना ते ओढून किंवा चेपून घेतात. पण नेटवर सापडलेला अभंग पाठ करण्याआधी बोटांवर अक्षरं मोजायची सवय लावलीत, तर निम्म्या चुका तिथंच सापडतील.

'तुका म्हणे' अशी ओळ शेवटी चिकटवलेले कितीतरी मेसेज फिरत असतात. त्यातले काही गाथेतले असतात, काही नसतात. मोजून पाहिलं की पुष्कळ तिथंच उघडे पडतात. सहा अक्षरांच्या जागी नऊ-दहा, यमकाचा पत्ता नाही आणि भाषा आजची. मोजणीत बसला तरीही कीर्तनात प्रमाण म्हणून, म्हणजे मुद्द्याला आधार देणारं संतवचन म्हणून, घेण्याआधी तो गाथेत सापडला पाहिजे. लोक डोळे मिटून ऐकत असतात, त्यांच्यापुढं तुकोबांच्या नावावर आपण दुसऱ्याच कुणाचं काही म्हणणं मला सहन होत नाही.

गाथेत शोधायचं कसं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अभंगाच्या क्रमांकावर भरवसा ठेवू नका. १९५० मध्ये शासनानं काढलेल्या गाथेत ४६०७ अभंग आहेत. देहूच्या परंपरेच्या गाथेत, सार्थ गाथेत मोजणी आणि क्रम वेगळा. कुणी 'अभंग अमुक क्रमांक' असं लिहून पाठवलं, तर कुठल्या गाथेतला, हे आधी विचारा. छापील गाथेत मागं अकारविल्हे, म्हणजे अ-आ-इ अशा वर्णक्रमानं, अनुक्रमणिका असते, तीत पहिल्या शब्दावरून अभंग लगेच सापडतो. नेटवरच्या गाथेत मात्र शोधण्याच्या चौकटीत 'पाहता' टाकलं तर 'पाहतां' बऱ्याचदा सापडत नाही. जुन्या छपाईतले अनुस्वार यंत्राला निराळं अक्षर वाटतात. म्हणून शोधताना अनुस्वार नसलेला, जोडाक्षर नसलेला, जरा अनोळखी असा एखादाच शब्द टाका. 'देव', 'नाम' असे शब्द टाकलेत तर शेकडो अभंग समोर येतील. स्कॅन केलेल्या जुन्या पोथ्यांत तर बहुतेक वेळा शोधताच येत नाही, तिथं पानं उलटावीच लागतात. त्याचा कंटाळा करू नका. एक अभंग शोधायला निघालेली मी वाटेत पंधरा वाचून यायचे आणि पुढं निरूपणाला तेच कामी आले.

ज्ञानेश्वरीशी माझी गाठ पडली ती अर्थावरून. सुमारे नऊ हजार ओव्या, शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितलेल्या. आमच्या गावापासून नेवासं फार लांब नाही, ज्ञानेश्वर महाराज ज्याला टेकून बसले असं मानतात त्या पैस खांबाला डोकं टेकून लहानपणापासून आलेली. पण 'पैस' म्हणजे काय, हे कधी विचारलंच नव्हतं. ('ऐसपैस'मधला तोच पैस, म्हणजे विस्तीर्ण.) शब्द ओळखीचा दिसला की आपण अर्थ गृहीत धरतो, सगळ्यात जास्त फसतो ते तिथंच. 'कौतुक' घ्या. आज आपण कुणाचं कौतुक करतो म्हणजे वाखाणणी करतो. ज्ञानेश्वरीत 'कौतुकें' आलं की बहुधा सहज, लीलेनं, नवलानं असा भाव असतो. हे मला शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरच्या कोशांनी दाखवलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तिथं आहे, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथंच आहे. दोन्ही फुकट. अर्थ इंग्रजीत दिलेले आहेत, म्हणून घाबरू नका. बारावीपर्यंतचं इंग्रजी पुरतं, शब्दही देवनागरीत शोधता येतात. गावात ग्रंथालय नसलेल्या बाईच्या हातात रात्री अकरा वाजता हा कोश यावा, याचं मोल मी कसं सांगू? माझ्या आईच्या पिढीत असं कुणाला मिळालं नाही. संतसाहित्याच्या ओळी शोधायला ट्रान्सलिटरल हे संकेतस्थळ आणि संदर्भ पाहायला मराठी विश्वकोश, हीदेखील माझ्या रोजच्या वापरातली ठिकाणं.

आता मुली विचारतात, एआयला विचारलं तर चालेल का? मी विचारून पाहिलं आहे. संतांनी रागावर काय म्हटलंय, असा प्रश्न टाकला. उत्तरात अध्याय आणि ओवी क्रमांकासह ज्ञानेश्वरीची एक सुरेख ओवी आली. पोथी उघडली तर त्या क्रमांकावर वेगळीच ओवी. शब्द बदलून बदलून शोधलं, ती ओवी कुठंच नव्हती. भाषा अशी जुन्या वळणाची रचलेली की सप्ताहात कुणाला शंकाही आली नसती. कीर्तनाचे मुद्दे मनात जुळवायला, एखाद्या अवघड वाक्याचा अर्थ सोपा करून घ्यायला त्याची मदत घ्या. ओवी किंवा अभंग मात्र त्याच्या तोंडून घेऊ नका, पोथीतून घ्या.

ऑनलाइन वर्गांचं म्हणाल तर पाठांतर आणि अर्थाला ते उत्तम, तालाला नाही. आवाज पोचायला क्षणभराचा उशीर होतो. बोलताना तो जाणवत नाही, पण वीस जणींनी वीस घरांतून टाळ धरला की गोंधळ उडतो. त्यामुळं सगळ्यांचे माइक बंद ठेवून एकटीनं म्हणायचं, असं करावं लागतं. दुसरी अडचण अशी की मीटिंगची अ‍ॅप्स बोलण्याखेरीजचे आवाज गोंगाट समजून कापतात. दिरांनी पखवाज वाजवला तर पलीकडं नुसतं फट्‌फट् ऐकू जाई. सेटिंगमध्ये गोंगाट कमी करण्याची सोय बंद करून मूळ आवाज जाऊ देण्याचा पर्याय असतो, तो लावला तेव्हा जरा बरं झालं. तरी टाळ हातात धरायचा कसा, पावली, म्हणजे भजनाच्या तालावर पाऊल, टाकताना श्वास कुठं घ्यायचा, हे मला देवळं उघडल्यावर बायकांच्या रांगेत उभी राहिले तेव्हाच कळलं. पहिल्या दिवशी माझी पावली उलटी पडत होती. शेजारच्या आजींनी काही न बोलता माझा दंड धरला आणि बरोबर वळवलं.

कीर्तनं मोबाइलवर भरपूर पाहा, पण तुकडे पाहू नका. दीड मिनिटाच्या तुकड्यात हसवणारा किस्सा असतो, त्याआधीचा पाऊण तास नसतो. नवख्या मुली तो किस्साच कीर्तन समजतात आणि तसलेच पाठ करतात. न कापलेलं, दोन तासांचं एखादं कीर्तन निवडा आणि वहीत टिपून ठेवा: सुरुवातीचा रूपाचा अभंग ('रूप पाहतां लोचनीं') कधी संपला, मूळ अभंगाचं पहिलं चरण किती वेळ धरून ठेवलं, प्रमाण कुठं आलं आणि ते का आलं, टाळकऱ्यांनी चाल कुठं उचलली. मी अशी अकरा कीर्तनं लिहून काढली. त्या वह्या अजून जपून ठेवल्यात.

पाठांतराच्या बाबतीत मी फार कडक आहे. फोनमध्ये सगळं आहे, ही भावना पाठांतराला मारते. माझंही दोन वर्षं तसंच झालं. गाथा खिशात असल्यामुळं मी अभंग अर्धवट पाठ करत होते. एकदा सप्ताहात ऐनवेळी प्रमाण आठवेना, समोर विणेकरी उभे, मागं टाळकरी थांबलेले. एका आजोबांनी खालून ओळ दिली म्हणून निभावलं. तेव्हापासून भाकरी थापताना, गाडीवर शाळेत जाताना, फोनला हात न लावता म्हणते. रेकॉर्डिंग करायचं ते रात्री, तपासण्यापुरतं. स्वतःचा आवाज ऐकायला सुरुवातीला नको वाटतं, तरी ऐका. तोंडातून अक्षर निसटताना आपल्याला कळत नाही, ऐकताना कळतं.

आमच्या भागात मुलीला निवासी राहून शिकायला पाठवायची घरच्यांची तयारी क्वचितच असते. लग्न झालेल्या बाईचा तर प्रश्नच नाही. फोनमुळं आम्हाला दार मिळालं, हे मी कधीच विसरणार नाही. पण चूक सांगणारं माणूस शोधल्याशिवाय राहू नका. ते फार लांब नसतं. एकादशीच्या रात्री गावच्या देवळात जा. जो विणा घेऊन उभा असतो किंवा ज्याला सगळे चाल उचलायला सांगतात, त्याच्याजवळ भजन संपल्यावर जाऊन नमस्कार करा. "महाराज, शिकवा" म्हटलंत तर ते म्हणतील, "मला कुठं येतंय एवढं." त्याऐवजी तुमचा पाठ झालेला पहिला अभंग तिथंच म्हणा आणि विचारा, "कुठं चुकतंय?"