नाशिकहून एका दिवसात साल्हेर: गुहा कशी गाठायची आणि उजेडात खाली कसं यायचं

साल्हेर म्हणजे आपल्या बागलाणातला, अख्ख्या महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, राज्यातल्या शिखरांत कळसूबाईनंतर दुसरा नंबर. बरेच जण मुक्कामाला जातात, पण ज्यांना रविवारचीच सुट्टी असते त्यांनाही एका दिवसात जमतो, फक्त दमवतो भरपूर आणि वेळेचं गणित चुकलं की अंधारात पायऱ्या उतरायची पाळी येते. म्हणून माझं सरळ म्हणणं, डोक्यात माथा ठेवू नका, गुहा ठेवा. वर परशुराम मंदिराच्या टेकाडाखाली गुहा आहेत, मुक्कामी ट्रेकर तिथेच राहतात. ११-११:३० पर्यंत तिथे पोचलात की पुढचं सगळं निवांत होतं, आणि १ वाजला तरी गुहा आली नसेल तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं, हे घरून निघतानाच ग्रुपमध्ये ठरवून टाका, कारण वर गेल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर देखणा असतो हे खरं पण धुक्यात वाट दिसत नाही, पायऱ्यांवर शेवाळं, पहिल्यांदा जाणाऱ्याने नकोच. एप्रिल-मे मध्ये तर ऊनच तुम्हाला खाली पाठवतं.

आधी दोन-तीन आठवडे तयारी करा. जिममधल्या ट्रेडमिलपेक्षा पांडवलेणी किंवा चामरलेणीच्या पायऱ्या बऱ्या, सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घालून चढा-उतरा, आणि उतरताना मुद्दाम हळू उतरा कारण साल्हेरला गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात. रामशेज दम न लागता झाला तर पायांची सुरुवात चांगली झाली समजा.

सॅकमध्ये माणशी ४ लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, हेडटॉर्च (हो, दिवसाच्या ट्रेकला पण), टोपी, बँडेज, क्रेप बँडेज. खायला भाकरी-ठेचा, गूळ-शेंगदाणे, मनुका, संत्री. वेफर्सची पाकिटं नका नेऊ, तहान वाढते आणि कचरा वरच राहतो. बूट ग्रिपवाले आणि आधी वापरलेले, नवे कोरे अजिबात नाही.

नाशिकहून पहाटे ३:३० ला निघायचं. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर असं जा किंवा कळवणकडून, तीन-साडेतीन तास धरा. पायथ्याची गावं दोन, साल्हेरवाडी आणि वाघांबे, मी इथे वाघांब्याची वाट सांगतोय. गावातला कोणी वाटाड्या मिळाला तर जरूर घ्या, पैसे आधीच बोलून घ्या, कारण गावापासून खिंडीपर्यंत ढोरवाटा इतक्या फुटतात की नवखा माणूस अर्धा-पाऊण तास तिथेच घालवतो. मोबाईलच्या रेंजवर विसंबू नका, मॅप ऑफलाईन उतरवून ठेवा.

पहिला टप्पा साल्हेर आणि सालोटा यांच्यामधली खिंड. चढ खडा आहे, घाई करू नका, बोलता येईल एवढ्याच स्पीडने चाला. खिंडीत दहा मिनिटं बसा, खा. समोरचा सालोटा बघून कोणीतरी म्हणेलच की हा पण करू, तर नाही, एका दिवसात दोन्ही नको.

खिंडीतून पुढे खरा साल्हेर सुरू होतो. कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, मग कड्याच्या पोटातून जाणारी आडवी वाट, एका बाजूला कातळात कोरलेल्या गुहांची रांग आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी. इथे एका ओळीत चाला, सॅकला बाहेर काही लटकत असेल तर आत घाला, फोटो काढायचा तर आधी थांबा, कातळाला पाठ लावा आणि मग मोबाईल काढा. परफ्युम, धूर, आरडाओरडा काहीच नको, आपल्याकडच्या कड्यांवर आग्या मोहळं असतात आणि मधमाश्या उठल्या तर अशा वाटेवर पळायला जागा नाही.

वरचे दरवाजे ओलांडले की पठार, पडके वाडे, आणि गंगासागर तलाव. त्याचं पाणी तसंच पिऊ नका, गाळून उकळून किंवा क्लोरीनचं औषध टाकूनच. मग मंदिराच्या टेकाडाखालच्या, मुक्कामाच्या गुहा. आत शिरलात की आधी बूट काढा, पाय वर करून पडा, जेवा. चूल पेटवू नका, आधीच भिंती काळ्या झाल्यात, आणि कोणी मुक्कामी असेल तर त्यांच्या सामानापासून लांब बसा. गाडी चालवणाऱ्याला इथे अर्धा तास झोपू द्या.

अंगात जोर असेल तर सॅक एका माणसापाशी ठेवून परशुराम मंदिरापर्यंत जाऊन या. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र मागे हटवला अशी आख्यायिका आहे. वरून सालोटा, मुल्हेर, मोरा, मांगीतुंगी, हवा स्वच्छ असेल तर सप्तशृंगी, धोडप सुद्धा. १६७२ मध्ये याच किल्ल्याच्या पायथ्याला मोरोपंत आणि प्रतापरावांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं, सूर्याजी काकडे तिथे पडले, ते मैदान वरून बघताना अंगावर काटा येतो. २०२५ ला साल्हेर युनेस्कोच्या यादीत गेला, गर्दी वाढणार, तेव्हा आपला कचरा आपणच खाली आणा.

२ च्या आत गुहा सोडायची. डिसेंबरात ६ ला सूर्य जातो आणि थकलेल्या पायांना उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो. पायऱ्यांवर तिरकं पाऊल टाका, खिंडीखालच्या घसाऱ्यावर गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं, काठी असेल तर बरंच. सगळ्यात हळू माणूस पुढे, अनुभवी शेवटी. गावात पोचलात की घरी फोन करा, वाटाड्याचे पैसे द्या, चहा घ्या, आणि परतीला ड्रायव्हर बदला. नसेल बदलता येत तर सटाण्यात गाडी लावून तासभर झोपा, घरी उशीर झाला तरी चालेल.