अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलंय? आधी वय बघा

फोंड्याच्या लॅबमधून रिपोर्ट आला, अल्कलाइन फॉस्फेटेजचा आकडा ठळक, की घरात लगेच यकृताची काळजी. पण हे एन्झाइम पित्तनलिकांत असतं तसंच हाडं घडवणाऱ्या पेशींतही. मोठ्यांत साधारण ४० ते १३० युनिट (लॅबगणिक थोडा फरक). उंची वाढणाऱ्या मुलात मात्र ३०० सुद्धा बहुधा हाडांच्या वाढीचेच. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत वारेमुळेही आकडा चढतो.

मोठ्या माणसाचा वाढला असेल तर डॉक्टरांना जीजीटीबद्दल (यकृत-पित्ताचं दुसरं एन्झाइम, तेही रक्तातच तपासतात) जरूर विचारा. तेही वाढलेलं असेल तर रोख यकृत-पित्ताकडे. नॉर्मल असेल तर हाडांकडे, मग ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम बघतात. चवथीच्या नेवऱ्या खाऊन रक्त देऊ नका, तळकट खाण्याने काहींचा आकडा थोडा वाढतो. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.